साटी, हौदा आणि बॉडी

ट्रकच्या मागच्या, माल भरायच्या भागाला आपल्याकडे हौदा म्हणतात. हत्तीच्या पाठीवर बसायला ठेवतात तोही हौदाच. ज्या कुणी हा शब्द पहिल्यांदा ट्रकला लावला, त्याला मोटारीची रचना बरोबर कळली होती असं मला नेहमी वाटतं. खाली चालणारं जनावर वेगळं, वर बसायची सोय वेगळी. जनावर बोटीनं परदेशातून येणार, हौदा इथला सुतार बांधणार. बैलगाडीचंही तेच. खाली कणा आणि चाकं, वर साटी. साटी कुजली म्हणून कुणी चाकं टाकून देत नाही.

हल्लीच्या मोटारींमुळे हे सगळं विसरायला झालंय. आजची छोटी गाडी म्हणजे पत्र्याचं एकसंध खोकं. त्यातून चासी म्हणून वेगळी काढून दाखवता येईल अशी वस्तूच नसते. जुन्या मोटारीचं तसं नव्हतं. दोन लांब पन्हळीसारख्या लोखंडी तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे जमिनीवर आडवी ठेवलेली शिडीच म्हणा. त्यावर इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, चाकं. एवढ्यावर गाडी चालते. पुणे-बंगलोर रस्त्यावर नव्या ट्रकची नुसती चासी घेऊन निघालेला ड्रायव्हर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ना केबिन, ना काच, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला फडकं बांधून गडी निघालेला, आणि खंबाटकीतला सगळा वारा त्याच्या छातीवर. तो ती चासी बॉडी बांधायलाच घेऊन चाललेला असायचा.

यात कमीपणाचं काही नव्हतं. रोल्स रॉईससारखी कंपनीसुद्धा दुसऱ्या महायुद्धापर्यंत चासीच विकायची. गिऱ्हाईक ती बार्कर नाहीतर हूपर यांच्याकडे न्यायचं आणि अंगाला माप घेऊन कोट शिवावा तशी बॉडी बांधून घ्यायचं. आपल्याकडच्या राजेरजवाड्यांच्या गाड्याही अशाच आल्या. कोल्हापूरची मेबॅक दसऱ्याला निघते, ती पाहायला आजही गर्दी होते. पण राजांच्या गाड्यांवर पुष्कळ लिहून झालंय. मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गाड्यांचं. ज्यांची बॉडी लंडनला नाही, तर सातारा, वाई, कऱ्हाड, सांगली, मिरज असल्या गावांत, कुठल्यातरी शेडमध्ये, नाव माहीत नसलेल्या सुतारानं बांधली, त्या गाड्यांचं. त्यातली एक सध्या आमच्या घरातल्या वादाचा विषय आहे. तिच्याकडे येतो, पण आधी थोडं मागे जाऊ.

मोटारी येण्याआधी महाबळेश्वरला जायचं तर रेल्वेनं वाठार स्टेशनला उतरायचं आणि पुढे टांगा. वाई, मग पसरणीचा घाट, पाचगणी, महाबळेश्वर. टांगा म्हटला की चाकं आली, चाकांना तुंबा, आरे आणि धाव आली, आणि ती दुरुस्त करणारे सुतार-लोहार आले. म्हणजे चाकावरच्या वाहनाला वाकडं-तिकडं लाकूड कसं बसवायचं, घाटात ते कुठे आणि का उकलतं, हे जाणणारी माणसं मोटार यायच्या आधीपासून या रस्त्यावर होती. त्यात परदेशी यंत्र उघडून बघायची खोडही या मुलखात लवकर लागली. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली (आज ती सांगली जिल्ह्यात येते). लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात मुंबईत ड्रॉइंग शिकवणारे मास्तर, हे फार कुणाच्या लक्षात नसतं. १९२२ साली सातारा रोडला कूपरांचा कारखाना निघाला. हेच धनजीशा कूपर पुढे १९३७ मध्ये काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. नांगर, रहाट, चरक, इंजिनं... मोटारीशी यांचा थेट संबंध नाही, पण ओतीव लोखंड आणि पन्हळी तुळई हाताळायला घाबरत नाही असा कारागीर अशा कारखान्यांच्या सावलीतच तयार होतो.

मग आलं १९२८ साल. त्या वर्षी जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. खोक्यांतून सुटे भाग यायचे आणि इथे शेवरले उभी राहायची. मोटार म्हणजे फक्त संस्थानिकांची आणि कलेक्टरची, ही गोष्ट तिथून बदलायला लागली. एखाद्या वकिलानं किंवा पेढीवाल्यानं नवी टूरर घ्यायची, म्हणजे चार दारांची, वर कापडी टप असलेली उघडी गाडी. पाच-सात वर्षं वापरून विकायची. घेणारा काय करायचा? मागची बॉडी उतरवायचा, तुळया मागच्या बाजूनं वाढवायचा, त्यावर लाकडी सांगाडा आणि बाकं ठोकायचा, आणि तीच गाडी 'सर्व्हिस मोटार' म्हणून दोन गावांच्या मध्ये चालवायचा. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात 'सर्व्हिसनं आलो' असं यायचं ना, ती ही. आत माणसं, टपावर ट्रंका, भाजीच्या पाट्या, क्वचित एखादी शेळी. परमिटावर लिहिलेले उतारू किती आणि बसवलेले किती, याचा हिशेब मालकालाच ठाऊक!

आता आमची गाडी. गाडी म्हणणं जरा जास्तच होईल, चासीच ती. वाईजवळ आमच्या आजोबांच्या गावी, गुऱ्हाळाच्या पडक्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं पडून होती. तिच्यावर कडबा रचायचे. सांगलीच्या आमच्या मावसभावानं, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, ती मामांकडून मागून घेतली आणि टेम्पोत घालून सांगलीला नेली. कोणत्या सालची, कुणाला माहीत नव्हतं. कागद नाहीत, नंबर प्लेट नाही. मग टेप घेऊन बसलो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधलं अंतर भरलं १०७ इंच. इंजिन चार सिलिंडरचं. यावरून साल सुटलं. १९२७ च्या शेवरलेचा व्हीलबेस १०३ इंच होता. पुढे सहा सिलिंडरचं इंजिन बसवायचं म्हणून कंपनीनं १९२८ ला तो चार इंचांनी वाढवून १०७ केला, पण सहा सिलिंडर आलं १९२९ ला. म्हणजे १०७ इंच आणि चार सिलिंडर हा जोड एकाच वर्षाचा, १९२८ चा. चारही चाकांना ब्रेक आहेत, तेही त्याच वर्षापासूनचे. इतकं नेमकं उत्तर मिळाल्यावर आम्ही दोघंही लहान मुलांसारखे खूश झालो.

पण खरी गंमत भोकांत होती. कारखान्यातली भोकं सारख्या अंतरावर, स्वच्छ, रिव्हेट बसलेली. त्यांच्याशिवाय दोन्ही तुळयांवर आणखी भोकांची रांग आहे, अंतरं कमी-जास्त, कडा खरबरीत. ही हातड्रिलनं, इथे कुणीतरी पाडलेली. मागच्या टोकाला दोन्ही बाजूंना साधारण दोन-दोन फुटांचा पन्हळीचा तुकडा रिव्हेट मारून जोडलाय. म्हणजे टूररची सर्व्हिस मोटार झाली होती, यात शंका नाही. डाव्या तुळईवर मागच्या बाजूला चार दांडगी भोकं आहेत आणि तिथलं लोखंड भाजल्यासारखं खवले धरून आहे. माझा अंदाज असा, की तिथे गॅसची टाकी टांगलेली असणार. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा सर्व्हिस मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे किंवा बाजूला भट्टी, सकाळी क्लीनरनं हातपंखा फिरवून ती पेटवायची, चढावर इंजिनाचा दम गेला की उतारूंनी उतरून चालायचं. मामांच्या लहानपणीच्या ऐकीव गोष्टींत 'कोळशाची मोटार' होतीच. ती हीच, असं ते आता छातीठोकपणे सांगतात.

पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) पहिली एसटी धावली आणि टप्प्याटप्प्यानं खासगी सर्व्हिस मोटारींचे मार्ग सरकारकडे गेले. आमची चासी बहुधा तेव्हाच गुऱ्हाळाच्या शेडमध्ये शिरली.

एसटीबद्दल इथे जरा रेंगाळतो, कारण बॉडीचा इतिहास म्हणून तो फार मनोरंजक आहे. पहिल्या गाड्या बेडफर्डच्या. बॉडी लाकडी, बैठका काथ्याच्या, तीस माणसांची सोय. रंग निळा आणि चंदेरी, लाल नंतर आला. त्या काळात बेडफर्ड, शेवरले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलँड अशा अनेक नावांच्या चासी एसटीकडे होत्या, आणि त्या सगळ्यांवर हौदा चढवायचं काम इथलं. पन्नाशीच्या सुरुवातीला पुणे-महाबळेश्वर मार्गावर मॉरिस कमर्शियलच्या चासीवर बांधलेल्या दोन खास गाड्या होत्या, 'नीलकमल' आणि 'गिरिआरोहिणी'. दोन बाय दोन आसनं, पडदे, आत सजावट, घड्याळ आणि हिरवट काचा! नुकत्याच बंद पडलेल्या सर्व्हिस मोटारींत गुडघे छातीशी घेऊन बसलेल्या माणसांना पसरणीच्या घाटात बसमध्ये घड्याळ दिसलं तेव्हा काय वाटलं असेल? नावं तरी बघा. आजच्या एखाद्या जाहिरात कंपनीला पैसे देऊनही असलं नाव सुचणार नाही. खाली चासी साधीच, मालवाहू घराण्यातली. थाट सगळा वरच्या बॉडीचा.

लाकडी बॉड्या टिकल्या नाहीत. का, ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, सांगली-मिरजेला जेमतेम पाचशे-सहाशे. तीच गाडी सकाळी धुक्यात भिजणार आणि संध्याकाळी कोरड्या उन्हात तापणार. लाकूड फुगतं, आक्रसतं, सांधे ढिले होतात, मग पाणी आत शिरतं आणि पाठोपाठ वाळवी. अमेरिकेहून आलेल्या शेवरलेच्या मूळ फिशर बॉडीचा सांगाडासुद्धा लाकडीच होता, वर पत्रा मढवलेला. तेव्हा तिचीही तीच गत. एसटीनं लाकूड सोडून पोलाद घेतलं, ते गंजतं म्हणून, विशेषतः कोकणात, १९६० च्या सुमाराला ॲल्युमिनियम घेतलं, आणि अलीकडच्या वर्षांत अपघातातल्या मजबुतीसाठी पुन्हा पोलादाकडे गेली. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळांत वर्षानुवर्षं हेच चाललं, चासी घ्यायची आणि बॉडी बांधायची. कारण साधं आहे. चासी बॉडीपेक्षा जास्त वर्षं जगते. एका चासीला दोन-तीन बॉड्या होऊन जाणं ही नेहमीची गोष्ट होती.

आणि नेमकं इथेच आमचं भांडण सुरू होतं.

२०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी ही 'व्हिंटेज'. नंबरात व्हीए ही अक्षरं, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच. नियम चांगला आहे, निदान अशा गाड्यांना भंगारापेक्षा वेगळं काही समजलं गेलं. पण त्यात अट आहे, की गाडी मूळ रूपात राखलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. आता सांगा, आमच्या चासीचं मूळ रूप कोणतं? शिवडीच्या कारखान्यातून निघालेली टूरर? की पुढे जास्त वर्षं जिनं रस्ता तुडवला ती सर्व्हिस मोटार?

दादाचं म्हणणं सरळ आहे. टूररच बांधायची. तिची चित्रं, मापं, कॅटलॉग जगभर उपलब्ध आहेत. दाराची रुंदी, टपाच्या कमानी, मडगार्डचा बाक, सगळं इंचाइंचानं मिळतं. बघणारा म्हणेल, वा, अठ्ठावीसची शेवरले! शिवाय दिसते सुंदर. माझं म्हणणं, ही गाडी सर्व्हिस मोटार होती, तिची सगळी भोकं तेच सांगतायत, तर तेच बांधावं. यावर दादानं विचारलं, "कशी होती ती? फोटो दाखव." फोटो नाही. घरातल्या कुणाकडेही नाही. (नातेवाइकांपैकी कुणाच्या ट्रंकेत, लग्नाच्या वऱ्हाडाच्या फोटोत वगैरे मागे उभी असलेली दिसली, तर कृपा करून कळवा!) म्हणजे पेच असा. जिची नक्कल हुबेहूब करता येईल ती बॉडी या चासीवर शेवटची दहा-पंधरा वर्षं नव्हतीच. आणि जी खरोखर होती, तिचं आता फक्त डिझाइनच करावं लागेल, भोकं मोजून आणि अंदाजानं.

विलायतेतही हा घोळ झालेला आहे. विसाच्या दशकातल्या कितीतरी बेंटली मुळात बंद, जड सलून बॉडीच्या होत्या. पुढे लोकांना व्हँडन प्लास धर्तीची उघडी टूरर हवीशी वाटायला लागली, तेव्हा जुन्या सलून बॉड्या उतरवून नव्या टूरर चढवल्या गेल्या. आज त्या फार देखण्या दिसतात, पण त्यामुळे असं वाटतं की त्या काळी सगळे साहेब उघड्या गाडीतूनच फिरत होते. आपल्याकडे हेच होतंय. सगळ्या जुन्या गाड्या चकचकीत टूरर झाल्या, की पुढच्या पिढीला वाटेल १९३५ साली साताऱ्याच्या रस्त्यावर फक्त श्रीमंतच मोटारीतून जात होते. चौदा माणसं कोंबलेली सर्व्हिस कुठल्याच रॅलीत नसते.

असो. वाद बाजूला ठेवून काम कुठवर आलंय ते सांगतो. दादानं त्याच्या शेडची एक भिंत चुन्यानं रंगवून घेतली आणि तिच्यावर खडूनं चासीचं पूर्ण आकाराचं चित्र काढलं, बाजूनं दिसतं तसं. चाकं, तुळई, इंजिनापुढचा रेडिएटर, मागचा पडदा, स्टिअरिंगचा दांडा किती तिरका, हे सगळं एकास एक. बॉडीची रेघ यावर काढायची. कागदावर छान दिसणारी रेघ भिंतीवर मोठी झाली की पोट सुटल्यासारखी दिसते, म्हणून हा उपद्व्याप. ड्रायव्हरची बैठक आधी ठरते, कारण पाय पेडलला आणि हात चाकाला पोचलेच पाहिजेत. तिथून पाठीमागे एकेक बाक, बाकामागे बाक, मध्ये गुडघ्यांना जागा. बाकांची अंतरं काढताना मजा झाली. हातानं पाडलेल्या भोकांच्या मापाशी ताडून पाहिलं, तर चार बाकांचे पाय बरोबर त्या भोकांवर येतात. त्या जुन्या सुतारानं काढलेलं डिझाइन उलट्या बाजूनं आमच्या हातात येत होतं. दादा त्या दिवशी गप्पच होता.

सांगाड्याला सागवान घ्यायचं ठरलंय. बैलगाडीच्या चाकाला बाभूळ उत्तम, पण बॉडीला ती जड पडते आणि रंध्यालाही दाद देत नाही. मिस्त्री पासष्टीचे आहेत, तरुणपणी ट्रकच्या बॉड्या बांधलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "चासी पिळते. रस्त्यात एक चाक खड्ड्यात गेलं की शिडी तिरकी होते. वरचं लाकूड तिला घट्ट आवळाल तर सांधाच फाटेल." म्हणून तुळई आणि लाकूड यांच्यामध्ये रबराच्या चकत्या. मढवायला लोखंडी पत्रा, ॲल्युमिनियम नाही. ॲल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकलं आणि मध्ये ओल राहिली, तर ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होत जाते, आणि आमच्याकडे ओल राहणारच.

मिस्त्रींना काम करताना बघून मला शंकरराव कुलकर्णी आठवतात. सांगलीहून इचलकरंजी काही लांब नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या या माणसानं तिथे 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. १९४९ ला पहिली दोन माणसांची, मग सत्तरीपर्यंत सुधारत सुधारत पुढची मॉडेलं, इंजिन मागे, सस्पेन्शन रबराचं, किंमत १२ हजारांच्या आसपास ठेवायचा बेत. कारखान्यात उत्पादन कधी झालंच नाही. आपले बाकीचे सगळे कारागीर दुसऱ्याच्या जनावरावर हौदा बांधत होते, हा एकटा जनावरही इथेच जन्माला घालायला निघाला होता. सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात त्यांचं नाव पोरासोरांना माहीत हवं होतं, ते नाही, याचा मला राग येतो.

परवा दादाचा फोन आला. टूरर बांधायची तर मागे जोडलेले ते दोन फुटांचे तुकडे कापावे लागणार होते. तो म्हणाला, "ग्राइंडर आणला होता. मिस्त्रींनी रिव्हेट बघितले आणि म्हणाले, हे गरम मारलेत, एकही हललेला नाही, कशाला कापता." तेव्हा तुकडे राहणार आहेत, म्हणजे टूरर बाद. व्हीए नंबरचं काय, हा प्रश्न त्यानं स्वतःहून काढला नाही, मीही काढला नाही. आता मिस्त्रींचा प्रश्न वेगळाच आहे. टपावर सामान चढवायची शिडी मागे लावायची की डाव्या बाजूला? मागे लावली तर दार तिथे घेता येत नाही. डाव्या बाजूला ती चार दांडगी भोकं आहेत. मामांना विचारलं तर ते म्हणतात, शिडी नव्हतीच, क्लीनर चाकावर पाय देऊन चढायचा.